आधी कंबर मोज

बाबू,

परवा फोनवर विचारलंस, "काका, चाकं ट्यूबलेस करतोय, रिमला टेप कुठली घेऊ?" मी विचारलं, रिम किती रुंद आहे. तू म्हणालास, "सातशे सी." अरे, ती उंची झाली. शिंप्याने कंबर विचारली आणि आपण पायाची लांबी सांगितली, तसलं हे. मग म्हणालास, "अडतीस." तो टायरचा आकडा. रिमची आतली रुंदी तुला ठाऊकच नव्हती. त्यात लाजण्यासारखं काही नाही, वरंधा घाट उतरून महाडला येणारी तुमची पुण्याची निम्मी पोरं त्याच माळेतली आहेत. पण फोनवर तू निम्मं ऐकतोस आणि निम्म्यात "हो काका, हो काका" करतोस, म्हणून लिहून पाठवतोय.

आमच्या दुकानात तुझ्या आजोबांच्या वेळेपासून रिमला पट्टी बसतेच आहे. तेव्हा तिला कुणी टेप म्हणत नसे. रबरी फ्लॅप असायचा, नाहीतर कापडी पट्टी. दोन्ही नसलं तर जुनी ट्यूब उभी कातरून तीच रिमवर ताणून बसवायची. चालायचं, कारण त्या पट्टीकडे काम एकच होतं, स्पोकच्या निपलचं डोकं ट्यूबला टोचू द्यायचं नाही. हवा धरायचं काम ट्यूबचं. ट्यूब काढलीस की ते काम पट्टीच्या अंगावर येतं. एवढं डोक्यात बसलं तर पुढचं सगळं तुझं तुलाच सुचेल.

तू म्हणशील, मोटारसायकलला ट्यूबलेस टायर असतो, तिथे कुठे पट्टी असते? तिचं अलॉय चाक एकसंध ओतलेलं असतं, त्याला हवा जायला भोकच नाही. म्हणून स्पोकच्या बुलेटला ट्यूब लागते आणि अलॉयच्या गाडीला लागत नाही, हे महाडच्या पोराटोरांनाही माहीत आहे. सायकलचं चाक स्पोकचंच. चोवीस, अठ्ठावीस, बत्तीस भोकं. फ्रान्सच्या माविक कंपनीने १९९९ मध्ये यावर सरळ उपाय काढला, रिमच्या आतल्या अंगाला भोकंच ठेवायची नाहीत. काम चोख, पण तसली रिम बनवणं महाग आणि किचकट. मग अमेरिकेतल्या स्टॅन्स नोट्यूब्सने पातळ पिवळी पट्टी आणि टायरात ओतायचं रबरी दूध चालवलं. जग त्या वाटेने गेलं, आपणही तिथेच आहोत.

आता एक हिशेब कर. रिमच्या आतल्या बाजूचं भोक आठ-नऊ मिलिमीटरचं असतं. चाळीस पौंड हवा भरलीस तर नऊ मिलिमीटरच्या एका भोकावर पावणेदोन किलोच्या आसपास भार येतो. साठ पौंड भरलीस तर पावणेतीन. म्हणजे बत्तीस भोकांवर बत्तीस वजनं ठेवली आहेत, आणि त्यांच्याखाली कागदाएवढी जाड पट्टी ढोलाच्या कातड्यासारखी ताणून धरलेली आहे. ती दिवसरात्र ते वजन पेलते. टायरवर तीन-चार हजार घालणारी माणसं पट्टीशी आली की "काहीतरी लाव रे" म्हणतात, तेव्हा मला ते बत्तीस डोळे दिसतात.

तर कंबर. रिमवर स्टिकर असतं किंवा छाप असतो, त्यावर ६२२ आणि पुढे गुणिले करून एक छोटा आकडा लिहिलेला असतो. ६२२ म्हणजे टायरची कड जिथे बसते तिथला व्यास, तुझा सातशे सी तोच. पुढचा आकडा, १९, २१, २५ जो असेल तो, ती आतली रुंदी, एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत. पट्टी तेवढ्याच रुंदीची घेतलीस तर कमी पडते, कारण रिमचा तळ सपाट नसतो. मधे घळ असते आणि दोन्ही बाजूंना थोडी उंच पायरी असते. पट्टीला त्या घळीत उतरून परत वर यायचं असतं. नऊवारीला पाचवारीपेक्षा कापड जास्त लागतं, त्यातलीच गत. म्हणून दोन ते तीन मिलिमीटर जास्त, घळ खोल असेल तर चार.

माझं तरी स्टिकरवर भागत नाही. कालनिर्णयचं मागच्या महिन्याचं पान घे. त्याची बोटभर रुंद पट्टी काप, रिममध्ये आडवी ठेव आणि नखाने दाबत दाबत एका भिंतीच्या मुळापासून घळीत, घळीतून दुसऱ्या भिंतीच्या मुळापर्यंत ने. दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण कर. कागद उलगड, मोजपट्टीवर मोज. तो आकडा खरा. तीन ठिकाणी मोज, सारखाच येतो का बघ. या कागदाने माझी जेवढी चाकं वाचवली आहेत तेवढी कुठल्याही महागड्या हत्याराने वाचवलेली नाहीत.

पट्टीच्या कडा दोन्ही पायऱ्यांवर पोचल्या पाहिजेत, म्हणजे टायरची कड त्यांच्यावर बसते आणि त्यांना दाबून ठेवते. अर्धं काम तिथेच होतं. उलट पट्टी जास्त रुंद झाली आणि भिंतीवर चढली, तर टायर बसताना तिला खरवडतो, सुरकुती पडते, टायर जागेवर टक्कन बसत नाही आणि तू पंप मारून मारून घामाघूम होतोस. जास्त रुंद पट्टी धारदार ब्लेडने रिमवरच कापून घेतात काहीजण. मी घेत नाही. ब्लेड अर्धा मिलिमीटर चुकलं की कापलेली कड लांबवर चिरत जाते.

कमी रुंदीचं काय होतं ते मात्र मी स्वतः करून बसलोय, आणि दोष दुसऱ्या कुणाचा नाही. दुकानात एकवीसची पट्टी शिल्लक होती, गिऱ्हाइकाची रिम पंचविसाची. "चालेल" म्हणून लावली. सपाटीवर चालली पण. महिनाभर तो महाड ते बिरवाडी फिरत होता. मग एक दिवस महाबळेश्वरला गेला आणि आंबेनळी घाटाने खाली उतरला. तेराशे मीटर उंचीवरून पोलादपूरपर्यंत चाळीसेक किलोमीटर, सगळी वळणं. त्याची सायकल रिमब्रेकची. ब्रेकची रबरं रिमला घासून घासून रिम एवढी तापली की त्याच्या म्हणण्याप्रमाणे हात लावला तर चटका बसत होता. आतला गोंद मऊ झाला. पट्टीच्या कडा टायरखाली दाबलेल्या नव्हत्या, त्यामुळे ती सरकायला मोकळीच होती. कापडे गावाच्या अलीकडे हवा गेली. सुदैवाने पुढचं चाक नव्हतं आणि वळणही नव्हतं.

टेम्पोत घालून त्याने सायकल दुकानात आणली, तेव्हा प्रत्येक स्पोकच्या मुळाशी दुधाचा पांढरा थेंब वाळलेला होता. चाक हलवलं तर आत खुळखुळ. रिमच्या पोकळीत निम्मं दूध जाऊन बसलेलं. टायर काढला, तर पट्टी एका बाजूला बोटभर सरकलेली आणि भोकं उघडी. मी त्याच्याकडून त्या दिवशी पैसे घेतले नाहीत आणि एकवीसची ती गुंडाळी तुझ्या काकूला वह्यांना कव्हरं घालायला देऊन टाकली.

तुझी सायकल डिस्कब्रेकची आहे, रिम तशी तापणार नाही. पण ज्याची रिमब्रेकची आहे आणि जो घाट उतरणार आहे त्याने पट्टी घेताना गोंदाचा विचार आधी करावा, आणि उतरताना ब्रेक सारखा धरून न ठेवता धर-सोड करावा.

आता जिन्नस. दुकानात चांगल्या पट्ट्या साधारण दोन जातीच्या मिळतात, पॉलिप्रॉपिलीनची आणि पॉलिएस्टरची. टेसा या जर्मन कंपनीची ४२८९ नंबरची पट्टी सायकलवाल्यांत प्रसिद्ध आहे. ती मुळात सायकलसाठी नव्हेच, अवजड माल बांधायची पट्टी आहे, पण ताण सहन करते, ओढली तर लांबत नाही, गोंद चांगला धरते. तिची एक खोड आहे. ती लांबीच्या दिशेने ताणून बनवलेली असते, म्हणून आडवी तोडायला जिवावर येते आणि कडेला चरा पडला तर उभी चिरत जाते. पॉलिएस्टरची थोडी ताठ असते, घळीत बसवायला अंगठ्यांना त्रास देते, पण एकदा बसली की हलत नाही. माझं मत विचारशील तर पहिल्यांदाच लावणाऱ्याने पॉलिप्रॉपिलीनची घ्यावी. ती चुका पोटात घालते.

काय घेऊ नये ते सांगतो, कारण तू काटकसरी आहेस. वायरमनची काळी टेप नको, ती रबरासारखी लांबते, भोकाभोकात फुगून खाली उतरते आणि उन्हाळ्यात तिचा गोंद पाझरतो. खोक्याला लावायची चॉकलेटी पॅकिंग टेप नको. एमआयडीसीतल्या एका पॅकिंगवाल्याकडून मी तिची आख्खी पेटी स्वस्तात आणली होती, दोन दिवसांत तिच्याखाली दूध शिरलं. कापडी डक्ट टेप धरते खरी, पण कापड दूध पितं, आणि पुढे काढायची वेळ आली की पट्टी हातात आणि गोंद रिमवर. तो गोंद खरवडण्यात तुझी एक सबंध दुपार जाते. आणि आपली जुनी कापडी रिमपट्टी, जी ट्यूबखाली अजून पहिल्या नंबरची आहे, ती इथे निरुपयोगी, तिच्यातून हवा आरपार जाते.

लांबीचंही बघ. ६२२ च्या रिमचा घेर एक मीटर पंच्याण्णव सेंटिमीटर. शेवटाला चढ द्यावा लागतो, म्हणजे एका फेऱ्याला दोन मीटर दहा धर. दहा मीटरच्या गुंडाळीत एकेक फेऱ्याची चार चाकं होतात, दोन फेरे दिलेस तर दोन. तुझ्यासारख्या रुंद टायरला, कमी हवेला, चांगल्या पट्टीचा एक फेरा पुरतो. बारीक टायरचे रस्त्यावरचे लोक सत्तर पौंडांच्या आसपास भरतात, त्यांनी दोन द्यावेत. आणि ज्या रिमच्या भिंतीला आतून हुक नसतो, हुकलेस म्हणतात ती, तिला पाच बारच्या वर हवा द्यायचीच नसते, म्हणजे बहात्तर पौंड. हायवेवरच्या पंक्चरवाल्याचा काँप्रेसर दोन सेकंदांत त्याच्या वर जातो. आपला गेज आपल्याजवळ ठेव.

आणि हो, प्रत्येक रिम या कामाची नसते. माळ्यावर तुझ्या आजोबांची अ‍ॅटलस आहे, तिच्यावर प्रयोग करायला जाऊ नकोस. ती एकेरी पत्र्याची रिम, निपलची डोकी थेट वर आलेली, आणि टायरची कड अडकून बसायला पायरी नाही. ट्यूबलेस रेडी असं लिहिलेलं असेल तरच पुढे जा.

आता रिम पुसण्याचं. जुलै २०२१ चा पूर तुला आठवत असेल. २२ तारखेच्या रात्री सावित्री आणि गांधारी दोन्ही नद्या बाजारपेठेत आल्या, दुकानात छातीभर पाणी. वर टांगलेली चाकं वाचली, खाली ठेवलेली सगळी गेली. पाणी ओसरल्यावर एकेक रिम उघडली. वरून धुतलेली चाकं चकचकीत दिसत होती, पण पट्टी उचलली की खाली चहाच्या गाळासारखा लाल, गुळगुळीत थर. स्पोकच्या भोकांतून पाणी रिमच्या पोकळीत शिरलं होतं आणि जाताना गाळ ठेवून गेलं होतं. घाईत असलेल्या दोन पोरांनी रिम कोरड्या फडक्याने पुसून मला नवी पट्टी लावायला लावली. आठवड्यात दोघंही परत आले. गोंद गाळाला चिकटला होता, रिमला नव्हे.

तेव्हापासून मी पट्टीइतकाच वेळ पुसण्याला देतो. आधी साबणाच्या पाण्याने धुवायचं, उन्हात दिवसभर वाळवायचं. जुना गोंद असेल तर रॉकेलच्या बोळ्याने निघतो, पण रॉकेल स्वतः तेलकट, म्हणून त्यानंतर आयसोप्रोपिल अल्कोहोलने दोनदा पुसायचं, औषधाच्या दुकानात मिळतं. कोरोनातलं उरलेलं सॅनिटायझर वापरू नकोस, त्यात ग्लिसरीन असतं, त्याचा थर राहतो. पुसून झालं की कापसाचा एक पुंजका रिमच्या आतून हलक्या हाताने फिरव. जिथे कापसाचा तंतू अडकेल तिथे भोकाच्या कडेला धार आहे. ती बारीक पॉलिश पेपरने मार आणि परत पूस. पुसल्यावर तिथे बोट लावायचं नाही. बोटाचं तेलसुद्धा गोंदाला कळतं.

हे काम पावसाळ्यात करू नकोस. आपल्याकडे श्रावणात कपाटातल्या चपलांना बुरशी येते, गोंदाची काय कथा. करायचीच वेळ आली तर बंद खोलीत, रिमवर हेअर ड्रायर फिरवून ती कोमट झाल्यावर कर. माझ्या मते दिवाळीनंतरचं ऊन या कामाला उत्तम.

लावताना चाक दोन्ही गुडघ्यांत धर. व्हॉल्वच्या भोकाच्या चार बोटं अलीकडून सुरुवात कर आणि पूर्ण फेरा मारून चार बोटं पलीकडे संपव, म्हणजे व्हॉल्वपाशी आपोआप दोन थर येतात. काहीजण व्हॉल्वच्या समोरच्या बाजूने सुरू करतात, त्यांचंही चालतं, माझा हात असा बसलाय. गुंडाळी एका हाताने ताणून धरायची आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने मधल्या घळीपासून कडांकडे दाबत जायचं. ताण एवढा, की पट्टी भोकावर ढोलासारखी वाजली पाहिजे. सुरकुती आली तर ओढून सपाट करायच्या नादाला न लागता तेवढी मागे उचल आणि परत लाव. शेवटी जुनं फडकं अंगठ्याला गुंडाळून एकदा पूर्ण फेरा घासून घे.

मग घाई करायची नाही. साधी ट्यूब घालून टायर चढव, तीस-चाळीस पौंड हवा भर आणि रात्रभर ठेव. पट्टी घळीत दाबली जाते, गोंद धरतो. सकाळी टायरची एकच बाजू उतरवून ट्यूब काढ, दुसरी बसलेली राहू दे, तेवढंच पुढचं काम कमी. टायर काढा-घालायला प्लॅस्टिकचे लिव्हर. चमच्याचा दांडा नको आणि स्क्रू ड्रायव्हर तर नकोच. तुझा हात मला माहीत आहे.

व्हॉल्वचं भोक पाडायला ब्लेड वापरायचं नाही. ब्लेडने फुली मारली की चार कोपरे होतात आणि प्रत्येक कोपऱ्यातून पट्टी पुढे चिरते. पोती शिवायचं दाभण गॅसवर तापव आणि भोकाच्या बरोबर मध्ये टोच. पट्टी वितळून गोल भोक पडतं आणि त्याची कड जाडसर होते. भोक व्हॉल्वपेक्षा लहानच ठेव, व्हॉल्व दाबून घुसला पाहिजे. व्हॉल्वचा नट पान्याने करकचून आवळू नकोस, बोटाने आवळ.

इतकं करूनही हवा गेली तर परातीत पाणी घे, चाक फिरवत बुडव, जसं आम्ही ट्यूबचं करायचो. टायरच्या भिंतीतून बुडबुडे आले तर टायरचा दोष, दूध हलवून घे, बंद होईल. स्पोकच्या मुळातून आले तर पट्टी चुकली. व्हॉल्वच्या बुडातून आले तर सगळे व्हॉल्व बदलत बसतात, आणि तिथेच फसतात. पट्टी कुठेही गळत असली तरी हवा रिमच्या पोकळीत शिरते आणि बाहेर पडायला सापडेल ती वाट धरते, बऱ्याचदा व्हॉल्वचीच. घर एकाचं गळतं आणि पाणी शेजाऱ्याच्या भिंतीतून येतं, तसं. व्हॉल्व नवा घालूनही बुडबुडे थांबले नाहीत तर टायर उतरव आणि पट्टीवर नख फिरव. कुठेतरी कड उचललेली सापडेल. तेवढ्यावर ठिगळ लावू नकोस, सगळी काढ.

शेवटी, तुला हे सगळं हवंच आहे का, तेही विचारतो. पुण्यात ऑफिसला जायला-यायला ट्यूब काय वाईट? पाच मिनिटांत बदलते आणि तिला दर दोन-तीन महिन्यांनी दूध पाजावं लागत नाही, उन्हाळ्यात ते लवकर आटतं. पण तू पोलादपूरच्या आतल्या गावांत फिरणार, उमरठला जाणार म्हणतोस. तिकडे लोक करवंदीच्या फांद्या तोडून वई घालतात आणि वाटेवर काटे पडून राहतात. तिथे ट्यूबलेस घालून जा. काटा रुततो, दूध बाहेर येतं, बंद होतं, तुला कळतही नाही.

काका

ता. क. लिहून होतंय तोवर तुझा फोटो आला. स्टिकरवर ६२२×२५ दिसतंय. म्हणजे अठ्ठावीसची गुंडाळी घे, दहा मीटरची. तरी कागद दाबून बघ. इकडे येताना दाभण आणू नकोस, इथे आहे.